केस दाबली की रद्द झाली?

आमच्या चाळीतल्या एका मावशींच्या मुलावर तीन वर्षांपूर्वी गुन्हा दाखल झाला होता. गाडी लावण्यावरून शेजारच्या इमारतीतल्या माणसाशी बाचाबाची, मग धक्काबुक्की, मग दोन्हीकडची माणसं पोलीस ठाण्यात. पुढे रागाची धग ओसरली, दोन्ही घरांनी एकमेकांकडे पेढे पाठवले आणि वकिलाने गुन्हा रद्द व्हावा म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला. गेल्या महिन्यात मुलगा संध्याकाळी घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "आई, मॅटर क्वॅश झालं." मावशी खूश होतील असं मला वाटलं होतं. त्या गॅलरीत माझ्याजवळ आल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "म्हणजे केस दाबली ना रे? किती घेतले?"

मावशींचा हा प्रश्न डोक्यात असतानाच दादरला एका चर्चेला जाण्याचा योग आला. विषय होता न्यायालयातली मराठी. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून अशा चर्चांना चांगली गर्दी होते. तिथे याच शब्दावर जुंपली. बातम्या देणारी मुलं सर्रास 'एफआयआर क्वॅश' म्हणतात, हा भाषेचा अपमान आहे, असं एका बाजूचं म्हणणं. टेबल आलं, स्टेशन आलं, तसा क्वॅशही येईल, त्यात एवढं काय, असं दुसऱ्या बाजूचं. तासभर हेच चाललं. एकाने शिवकाळापर्यंत दाखले नेले, दुसऱ्याने भाषा वाहती नदी असल्याचं तीनदा सांगितलं. (ही नदी प्रत्येक मराठी चर्चेत एकदा तरी वाहतेच.) पण हा शब्द नेमकं काय करतो, हे कुणीच विचारलं नाही. दोन्ही बाजू शब्दाचं गोत्र विचारत होत्या, काम नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. 'क्वॅश' मराठीत नको, पण तो परका आहे म्हणून नव्हे. त्या एका इंग्रजी क्रियापदाच्या पोटात दोन निरनिराळ्या क्रिया बसल्या आहेत. एक दांडगाईने चिरडण्याची आणि दुसरी कायद्याने पोकळ ठरवण्याची. मराठीने या दोन क्रिया वेगळ्या ठेवल्या आहेत. ज्या समाजाला सत्तेशी आणि न्यायालयाशी दोन्हीकडे झगडावं लागतं, त्याने हा वेगळेपणा घालवणं म्हणजे हातातलं हत्यार आपणहून देऊन टाकणं आहे.

या शब्दाची कुळकथा खरोखर मजेची आहे. लॅटिनमध्ये 'क्वाटेरे' म्हणजे हलवणे, आणि त्यातूनच जोर वाढवून 'क्वासारे' म्हणजे गदागदा हादरवणे, खिळखिळं करणे. दुसरीकडे 'कास्सुस' म्हणजे रिकामा, पोकळ. त्यावरून उत्तरकालीन लॅटिनमध्ये 'कासारे' झालं, म्हणजे एखादी गोष्ट पोकळ ठरवणे, तिच्यातला जीव काढून घेणे. जुन्या फ्रेंचमध्ये पोचेपर्यंत या दोघांचे उच्चार इतके जवळ आले की माणसांना ते एकच वाटू लागले, आणि इंग्रजीने ती सरमिसळ जशीच्या तशी उचलली. म्हणून इंग्रजीत बंडही 'क्वॅश' होतं, अफवाही होते आणि न्यायालयाचा हुकूमही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नावात, 'कूर द कासासियों'मध्ये, हाच 'पोकळ ठरवण्याचा' धातू बसलेला आहे. तिथे ते खालच्या न्यायालयाचा निकाल मोडतं, माणसाला नाही. त्याच 'क्वाटेरे'ची इतर पिल्लं आपण रोज वापरतो. क्रिकेटमध्ये चेंडू डोक्यावर आदळला की बदली खेळाडू येतो तो 'कन्कशन'मुळे, म्हणजे मेंदूला बसलेल्या हादऱ्यामुळे. लिंबाचं 'स्क्वॉश' म्हणजे चिरडून काढलेला रस. आणि सगळ्यांत गमतीचं म्हणजे 'डिस्कस', चर्चा करणे, हाही त्याच घराण्यातला. मूळ अर्थ हलवून हलवून सुटं करणे. चर्चा आणि चिरडणं एका धातूतून निघाली आहेत हे दादरच्या त्या सभागृहात बसून मला फार पटलं.

आता मराठीकडे या. दाबण्यासाठी आपल्याकडे शब्दांचं कोठार भरलेलं आहे. दडपणे, चेपणे, चिरडणे, मोडून काढणे, गाडणे. तोंड दाबलं तर मुस्कटदाबी, गळा दाबला तर गळचेपी, आणि हे सगळं राज्यकारभाराची रीत म्हणून चालू झालं तर दडपशाही. शब्दांची ही श्रीमंती अनुभवातून येते. ज्या समाजाने जे जास्त सोसलं, त्याचे बारकावे त्याच्या भाषेत जास्त. 'दडवणे' आणि 'दडपणे' यांतला फरकच पाहा. माहिती दडवतो तो लबाड असतो, माहिती दडपतो तो बलवान असतो. दडवायला अंधार लागतो, दडपायला वजन. इंग्रजी 'सप्रेस'सुद्धा मुळात 'खाली दाबणे' हेच सांगतो, पण सत्य लपवणाऱ्या आणि सत्यावर बसणाऱ्या माणसाला त्या एकाच शब्दावर भागवावं लागतं.

आणि दडपण्याचं सार कळायला कोकणातल्या स्वयंपाकघरात जावं. दडपे पोहे करताना पातळ पोह्यांत ओलं खोबरं, कांदा, मिरची, मीठ घालून नारळाच्या पाण्याचा हबका मारतात, वर ताट झाकून त्यावर वजन ठेवतात. पोहे दडपले म्हणून नाहीसे होत नाहीत. ते मुरतात. दडपलेली गोष्ट आत शाबूत राहते, किंबहुना तिला चव चढते, हे मराठी माणसाला कोशात बघावं लागत नाही.

रद्द करण्याचं तसं नाही. 'रद्द' अरबी 'रद्द'वरून आला आहे. मूळ अर्थ परत करणे, परतवून लावणे. हुकूम रद्द होतो म्हणजे ज्याचा हुकूम त्याच्याकडे परत जातो. 'बातल'ही अरबीच, म्हणजे पोकळ, निरर्थक. लॅटिनमधला तो 'कास्सुस' आणि आपला हा 'बातल' अर्थाने सख्खे भाऊ आहेत. दोन्ही एकत्र येऊन 'रद्दबातल' झाला, आणि तो शब्द गावच्या तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत कुणालाही अडत नाही. जे परत पाठवायचं ते परत गेलं आणि त्यात काही दम नव्हता हेही सांगून झालं. रद्दबातल झालेली गोष्ट मुरत नाही. तिला वास, चव, भविष्य काहीच उरत नाही.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर फोर्टमध्ये एक फेरी मारावी. मुंबई उच्च न्यायालयात १९०८च्या जुलैमध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. २२ जुलैला सहा वर्षांची शिक्षा झाली आणि गिरणी कामगारांनी सहा वर्षांच्या शिक्षेसाठी सहा दिवस काम बंद ठेवलं. ज्युरी होती, न्यायाधीश होते, वकिलांचे काळे कोट होते, कलमं होती. तरी त्या खटल्याला आपण दडपशाहीच म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. आठ वर्षांनी त्याच माणसाला पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने भाषणांबद्दल चांगल्या वर्तनाच्या जामिनात बांधलं. २० हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार. ते प्रकरण ९ नोव्हेंबर १९१६ला त्याच उच्च न्यायालयाने रद्द केलं. टिळकांची बाजू मांडली होती बॅरिस्टर जिना यांनी. न्यायालय तेच, आरोपी तोच, आरोपाचा रंगही तोच. एकदा चिरडलं, एकदा रद्द केलं. दोन्हींना 'क्वॅश' हे एकच क्रियापद लावून दाखवा. इंग्रजी व्याकरण काही हरकत घेणार नाही. पण १९०८ आणि १९१६ यांच्यामधला फरक त्या शब्दातून खाली गळून पडेल.

तिथून पाच-सात मिनिटं चाललं की हुतात्मा चौक. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्या लोकांवर नोव्हेंबर १९५५मध्ये फ्लोरा फाउंटनजवळ गोळ्या झाडल्या गेल्या, पुढे जानेवारी १९५६मध्ये शहरभर. चळवळीत १०६ माणसं गेली. ही मागणी कुणी रद्द केली नव्हती. रद्द करायला ती चुकीची का, हे कागदावर मांडावं लागलं असतं. ती दडपली. दडप्या पोह्यांसारखी ती मुरली आणि १ मे १९६०ला ताट उचललं गेलं. उलट बाजूने १८ जानेवारी १९८२चा संप घ्या. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप मागे घेतल्याची घोषणा झाली नाही, कुणी तो बेकायदा ठरवला म्हणून संपलाही नाही. गिरणगावातली जुनी माणसं आजही 'संप मोडला' असंच म्हणतात. 'मोडला' या तीन अक्षरांत मालक, सरकार, उपासमार, गावी परत गेलेली बिऱ्हाडं, सगळं येतं. हुकूम नाही, सही नाही, तारीख नाही, त्यामुळे अपीलही नाही. दडपण्याचं हेच लक्षण असतं. त्याच्याविरुद्ध कुठल्या खिडकीवर अर्ज करायचा हे कळत नाही.

या दोन क्रिया समोरासमोर उभ्या राहतात तेव्हा तर फरक लख्ख होतो. आणीबाणीत 'फ्रीडम फर्स्ट' या मुंबईच्या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवला. संपादक मिनू मसानी उच्च न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९७६मध्ये न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांच्या खंडपीठाने सरकारच्या विरुद्ध निकाल दिला आणि सेन्सॉरची बंदी टिकू दिली नाही. देशभर मुस्कटदाबी चालू असताना फोर्टमधल्या एका इमारतीत ती मुस्कटदाबी रद्द झाली. हे वाक्य मराठीत सहज लिहिता येतं. 'क्वॅश केलेल्या मजकुरावरचा आदेश क्वॅश' असं लिहिलं तर वाचणारा चष्मा पुसायला घेईल.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. ते पोकळ नाही. वकील मंडळी म्हणतात, संविधानाच्या कलम ३४८मुळे उच्च न्यायालयाचं काम इंग्रजीतच चालतं, 'क्वॅशिंग'वर निकालांचा डोंगर उभा आहे, आणि मराठीत 'रद्द' हा एकच शब्द कुठे कुठे पुरवणार? मेगाब्लॉकला लोकल रद्द, नियम मोडला की परवाना रद्द, अटी पाळल्या नाहीत की जामीन रद्द, आणि खोटा गुन्हाही रद्दच. मला हा आक्षेप सगळ्यांत वजनदार वाटतो. रविवारी सकाळी गाडी रद्द झाली म्हणजे ती गाडी मुळात बेकायदा होती असं कुणी म्हणत नाही. इंग्रजीत यांतल्या बऱ्याच गोष्टींना वेगळी क्रियापदं आहेत आणि आपण सगळं एकाच गाठोड्यात बांधतो हे खरं आहे.

पण ज्या नेमकेपणासाठी 'क्वॅश' हवा म्हणतात, तो नेमकेपणा त्या शब्दात आहे का? भजनलाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९०मध्ये गुन्हा कधी मोडीत काढता येईल याचे सात प्रसंग सांगितले. फिर्यादीत लिहिलेलं सगळं खरं मानलं तरी गुन्हाच होत नाही, किंवा सूडबुद्धीने फिर्याद दिली आहे, असे ते प्रसंग. पुढे २०१२मध्ये ज्ञान सिंग प्रकरणात न्यायालय म्हणालं की खासगी स्वरूपाचं भांडण असेल आणि दोन्ही बाजूंनी खरोखर मिटवलं असेल तरीही उच्च न्यायालय गुन्हा रद्द करू शकतं. खून, बलात्कार, दरोडा यांसारख्या गुन्ह्यांत मात्र तडजोडीचा आधार चालणार नाही. म्हणजे एकीकडे गुन्हा मुळात नव्हताच, दुसरीकडे भांडण झालं होतं पण मिटलं. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२खाली आणि १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८खाली, दोन्हींना वकील 'क्वॅश'च म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या पोराच्या दृष्टीने या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात त्याच्यावर खोटा आळ आला होता, दुसऱ्यात त्याने माफी मागितली असेल किंवा समोरच्याने. मराठीत पहिल्याला 'रद्दबातल' म्हणा, दुसऱ्याला 'तडजोडीने रद्द'. कोशाला नवा शब्द घालायची गरज नाही. आणि लोकल? ती रद्द होते, रद्दबातल कधी होत नाही. हा भेद बोलणाऱ्याच्या कानाला आधीच माहीत आहे.

शुद्धीवाल्यांचा मुद्दाही मी झटकत नाही. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दहा वर्गांत सुमारे चौदाशे शब्द आहेत. स्वतःचं राज्य उभं करताना स्वतःचे शब्द हवेत ही समज त्यामागे होती. सावरकरांनी दिलेला 'महापौर' आज मुंबईच्या पालिकेत कुणाच्या जिभेला टोचत नाही. पण त्यांच्याच भाषाशुद्धीच्या चळवळीतला 'दिनांक' बघा. अर्जाच्या कोपऱ्यात तो छापलेला असतो, आणि न्यायालयाच्या पायऱ्या उतरणारा माणूस तरीही 'तारीख पडली' असंच म्हणतो. वकील, फिर्याद, जामीन, हुकूम, मुदत हे शब्द तीनशे वर्षं हलले नाहीत, कारण ते लोकांच्या अडचणीत त्यांच्याबरोबर उभे होते. हिंदीच्या सरकारी विधी-परिभाषेत 'क्वॅश'ला 'अभिखंडित करना' असा शब्द आहे. तोच मराठीत आणा, अशी त्या सभागृहात मागणी झाली आणि टाळ्या पडल्या. टाळ्या देणाऱ्यांपैकी एकाने तरी घरी जाऊन आईला 'माझा गुन्हा अभिखंडित झाला' म्हणून पाहावं. आई डॉक्टरला फोन करील. मावशींना 'क्वॅश' कळला नाही तितकाच हाही कळणार नाही, आणि संस्कृतातून आल्याने त्या न कळण्याला फक्त भारदस्तपणा येईल.

राहता राहिला मावशींचा संशय, आणि तो मी सहज उडवून लावू शकत नाही. पैसेवाल्यांची प्रकरणं कशी 'बसवली' जातात हे त्यांनी पाहिलेलं आहे. तडजोड म्हणून पुढे आलेल्या प्रतिज्ञापत्रामागे कधी धमकी असते, कधी पाकीट. सून सासरविरुद्धची तक्रार मागे घेते तेव्हा ती मनातून घेते की माहेरच्यांनी हात टेकले म्हणून, हे कागदावरून नेहमी कळत नाही. म्हणून तर दोन शब्द वेगळे हवेत! न्यायालय गुन्हा रद्द करतं तेव्हा कारणं लिहावी लागतात, ती वाचता येतात, त्यावर सर्वोच्च न्यायालयात जाता येतं. ती कारणं पोकळ निघाली तर आपण ठणकावून म्हणू शकतो की हे रद्द करणं नव्हे, हे दडपणं आहे. १९०८बद्दल आपण हेच म्हणतो. पण रद्द करणं आणि दडपणं यांना एकच नाव दिलं, तर आरोप करायला जागाच कुठे उरते? सगळंच 'क्वॅश'. जो चिरडतो तोही कायद्याच्या शब्दामागे उभा राहतो, आणि ज्याला खराखुरा न्याय मिळाला त्याची आईसुद्धा त्याच्याकडे तिरक्या नजरेने बघते.

त्या संध्याकाळी मी मावशींना बसवलं आणि मुलाने आणलेली निकालाची प्रत उघडली. चार पानं होती. फिर्यादीने हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं आहे, वाद वैयक्तिक स्वरूपाचा आहे, आरोप गंभीर नाहीत, असं ओळीने लिहिलेलं. पैसे? काही रक्कम भरायला सांगितली होती, ती कुठल्या तरी निधीत, आणि त्याची पावती जोडलेली. मी पेन्सिलने वरच्या कोपऱ्यात लिहिलं, 'तडजोडीने रद्द'. मावशींनी चष्मा चढवून ते दोनदा वाचलं.

"रद्द ना? मग काय, शनिवारी रद्दीवाला येईल तेव्हा देऊन टाकू?"

"नाही हो मावशी," मी म्हटलं, "हा कागद रेशन कार्डाबरोबर ठेवा."